पावणेसात ते सात

हनीफ,

काल तुझं घर रिकामं झालं. कंपनीचा माणूस यादी घेऊन आला, पंखे मोजले, पडद्यांच्या कड्या मोजल्या आणि किल्ली घेऊन गेला. भाबी आणि सना तुझ्या मोठ्या भावाबरोबर अबूधाबीच्या विमानतळाकडे निघाल्या तेव्हा मी प्लँटवर होतो. निरोप द्यायलाही येता आलं नाही. आपलं नेहमीचंच आहे ते, एकाच्या घरी काही असलं की दुसरा पॅनलसमोर बसलेला.

तू गेल्याला दीड महिना होत आला. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. मेधा म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. जेवताना मधेच उठतो, गॅसचा नॉब बघून येतो, बसतो, परत उठतो. हे लिहायला बसलो आणि एवढ्यात दोनदा उठून आलो. पण तुला सांगायचं राहिलंय, आणि तुझ्याशी बोलायची मला एकच पद्धत माहीत आहे: घाईघाईत, उभ्याउभ्या, पंधरा मिनिटांत.

लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. नऊ वर्षांची दोस्ती, आणि एकत्र बसलो असे दिवस किती? रुवैसच्या त्या रिफायनरीत एका पॅनलला एक दिवसाचा माणूस आणि एक रात्रीचा. तू माझा रिलीव्हर, मी तुझा. पंधरवड्याने दिवस-रात्र बदलायची, जोडी तीच. तू आल्याशिवाय मी खुर्ची सोडायची नाही, मी आल्याशिवाय तू नाही. पावणेसातला येणाऱ्याने यायचं, जाणाऱ्याने काय चालू, काय बंद ते सांगायचं, दोघांनी वहीत सही करायची, आणि सातला एकाने बस पकडायची. आपली सगळी दोस्ती त्या पावणेसात ते सातमध्ये झाली. सना जन्मली तेव्हाच्या अकीक्याचं मटण मला डब्यातून मिळालं. माझ्या मुलीच्या बारशाचे पेढे तू कंट्रोल रूममध्ये उभ्याने खाल्लेस आणि म्हणालास, "नाव काय ठेवलंस ते वहीत लिवून ठेव, मी बाराला वाचतो."

मला तू पुणेकर म्हणायचास. मी चिंचवडचा, हे तुला नऊ वर्षांत हजारदा सांगून झालं. "एकच ते," तू म्हणायचास, "दापोलीहून बघितलं की सगळं पुणंच दिसतं." आणि माझी एक गोष्ट दोनदा सांगायची खोड! ए पंप चालू आहे, बी स्टँडबायला. चालू ए, बरं का, बी स्टँडबाय. यावरून तू मला इतकं छळलंस. माझं सगळं सांगून झालं की तू निरागस तोंड करायचास आणि विचारायचास, "कोणता पंप म्हणालास?" मी भोळा, परत सांगायचो. परत, "कोणता?" तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात यायचं आणि सगळी कंट्रोल रूम हसायची. "तुझ्या लग्नात भटजीला मंगलाष्टकं पण दोनदा म्हणायला लावली असशील तू," असं वर म्हणायचास. मला राग यायचा, पण रात्रभराचा शीण त्या हसण्यात जायचा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू अजून शेफारला असतास.

आणि आपलं ते भांडण. आठवतं? तुझ्या आईला गाठ निघाली तेव्हाचं. मुंबईच्या डॉक्टरांनी तुला फोनवर सांगितलं आणि तू सरळ आईला सांगून टाकलंस. मी म्हटलं, "अरे, म्हातारं माणूस, कशाला सांगायचं? बरं वाटेल असं काहीतरी बोलायचं." तू म्हणालास, "तिचं शरीर, तिला नको कळायला? तुमी लोक ताकाला जाऊन भांडं लपवता." त्यावर मी काहीतरी बोललो, तेवढ्यात सात वाजले. दुसऱ्या दिवशी पावणेसातला तिथूनच पुढे. चार महिने आपण ते भांडण हप्त्याहप्त्याने भांडलो. आखाती माणसाच्या फोनवर घरचं सगळं नेहमी ठीकच असतं, हे तुला अजिबात मान्य नव्हतं. मला मान्य होतं. इथून जाता तर येत नाही, मग जीव टांगणीला कशाला लावायचा?

मग माझ्याच घरच्यांनी माझ्याशी तेच केलं. बाबा तीन आठवडे दवाखान्यात आणि मला फोनवर, "जरा अशक्तपणा आहे, बाकी मजेत." एका संध्याकाळी मी तुला सोडवायला आलो आणि तिथेच चिंचवडच्या शेजाऱ्यांचा फोन आला की निघून ये. तू बारा तास भरून उठला होतास. डोळे लाल, बस बाहेर उभी. मी काही विचारायच्या आत तू परत खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "तू जा. मी थांबतो." एवढंच. चोवीस तास ती खुर्ची सोडली नाहीस. मला बाबा भेटले नाहीत, पण त्यांना खांदा देता आला, तो तुझ्यामुळे. परत आल्यावर मी थँक यू म्हटलं तर तू म्हणालास, "खलास, पुढचं बोल. कोणता पंप?"

या एक जानेवारीला मात्र आपल्याला अख्खा दिवस मिळाला होता. सन २००० लागलं, संगणक वेडे होतील म्हणून कंपनीने प्रत्येक पॅनलवर दोन-दोन माणसं बसवली. संगणकांना काहीही झालं नाही. तुझा रोजा होता. मी डबा उघडेना, तर तूच ओरडलास, "खा रे, पुणेकर! रोजा माझा हाय, तुझं पोट कशाला सुकवतोस?" मी नाही खाल्लं. संध्याकाळी आपण दोघांनी एकदमच खजूर तोंडात टाकला. तू म्हणालास, "नऊ वर्षांत पैल्यांदा तुला जेवताना बघितला. मचमच करतोस." बारा तास, एवढाच आपला सहवास. त्यातही निम्मा वेळ तू आईवरून भांडत होतास. ती जाऊन दोन वर्षं झाली होती तरी.

ईद झाली आणि कॉलनीत फ्लूची साथ आली. घराघरांत एक तरी माणूस पांघरूण घेऊन पडलेलं. तुला ताप चढला. मी तुझ्या जागी सकाळी अकरापर्यंत थांबायचो, मग दुसरा कुणी यायचा. रात्रीचे बारा तास आणि वर चार. असे तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी मी तुला फोन केला. आता लपवत नाही, काळजीने केला नव्हता, वैतागून केला होता. तू म्हणालास, "ताप उतरला, पण डोकं फार ठणकतंय. डॉक्टरने अजून दोन दिवस लिवलेत." आणि मी म्हणालो, "अरे, फ्लू तर आहे. दोन पॅनाडोल घे आणि ये. माझे पाय गेले कामातून." तू म्हणालास, "येतो इन्शाल्ला."

सकाळी धुकं होतं. तू पावणेसातला आलास, नेहमीसारखा. दाढी वाढलेली, ट्यूबलाइटकडे बघताना डोळे बारीक करत होतास. मी घाईघाईत सगळं सांगितलं. ए पंप चालू, बी स्टँडबायला. तू विचारलंस, "कोणता पंप?" मी सांगितलं. तू विचारलंस, "कोणता?" मी सांगितलं, जरा चिडून. तिसऱ्यांदा विचारलंस. मी म्हटलं, "आज नको रे. सोळा-सोळा तास करतोय तुझ्यामुळे." तू हसला नाहीस, हनीफ. नेहमी तिसऱ्या वेळेला तुझ्या तोंडाचा कोपरा हलायचा. त्या दिवशी हलला नाही. तू माझ्याकडे बघत होतास, पण गर्दीत कुणाला तरी शोधावं तसा. हे मी बघितलं. बघितलं, आणि वही तुझ्यापुढे सरकवली. तू सही केलीस, मी सही केली. रिमार्कमध्ये मी लिहिलं, ऑल नॉर्मल. दारापाशी पोचलो तेव्हा तू चौथ्यांदा विचारलंस, "कोणता पंप?" मी मागे न वळता हात उडवला आणि म्हणालो, "यल्ला, खलास. बस चुकेल."

दर वर्षी आपल्याला एक ट्रेनिंग असतं, तूही करायचास. विषारी वायू गळला तर आधी डोक्यावर परिणाम होतो. जोडीदार भलतं बोलू लागला, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागला, तर वाद घालू नका, एकटं सोडू नका, हाताला धरून बाहेर काढा. आपण दोघंही त्यात पहिल्या फटक्यात पास व्हायचो. पण वायू नव्हता ना. अलार्म वाजला नव्हता. होता तो नुसता फ्लू, आणि फ्लूला कोण घाबरतं? तू लांडगा आला रे आला करणारा, आणि मी झोपेला आलेला. कारणं खूप आहेत. रोज एक नवीन सापडतं.

अकराला तू खुर्चीवरून पडलास. झटके आले. इथल्या क्लिनिकमधून ॲम्ब्युलन्सने अबूधाबीला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले. तिथला इजिप्तचा डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने तुझ्या भावाला आणि मला समोर बसवून सावकाश सांगितलं. फ्लूच्या आजारात मेंदूला सूज आली आहे. लहान मुलांत कधीकधी बघितलंय, मोठ्या माणसांत फार क्वचित. क्वचित! हा शब्द ऐकून मला त्याची मान धरावीशी वाटली. आग, वायू, प्रेशर, सगळ्यांसाठी आपल्याकडे हेल्मेट आणि मुखवटे, आणि माणूस आडवा होतो तो सर्दी-तापाने?

मग त्याने मला विचारलं, "तुम्ही शेवटचे बोललात ना त्यांच्याशी? गोंधळल्यासारखे कधीपासून वाटत होते?" माझ्या एका बाजूला तुझा भाऊ. दुसऱ्या बाजूला आपल्या सेफ्टीचा साहेब, वही घेऊन. पॅनल ठीक नसलेल्या माणसाच्या हातात द्यायचा नाही, हा पहिला नियम. मी म्हणालो, "सातला अगदी नॉर्मल होता." सेफ्टीच्या फॉर्मवरही तेच लिहिलं.

तू नऊ दिवस मशीनवर होतास. नंतर, तू गेल्यावर, मी त्या डॉक्टरला एकटं गाठून विचारलं की चार तास आधी आणलं असतं तर? तो म्हणाला, "मला खरंच सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता. कदाचित पडलाही असता." त्याने खोटं सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. तुझी आई आठवली.

भाबीही मला तेच विचारत होत्या. तुझ्यामागची इद्दत चालू, परपुरुषासमोर यायचं नाही, त्यामुळे त्या आतल्या खोलीत, मेधा त्यांच्याजवळ, आणि मी बाहेर हॉलमध्ये तुझ्या भावासमोर. दाराला पडदा. आठवड्यातून एकदा तरी पडद्याआडून प्रश्न यायचा, "दिलीपभाई, ते तुमच्याशी काय बोलले शेवटचं?" आणि मी दर वेळेला नवीन काहीतरी द्यायचो. तुमची आठवण काढली. सनाच्या शाळेचं बोलला. हसत होता. नेहमीसारखा चेष्टा करत होता. आतून "बरं" एवढंच यायचं.

परवा संध्याकाळी शेवटचा गेलो. खोकी बांधून झाली होती. तुझा भाऊ कार्गोवाल्याशी बोलायला खाली उतरला होता. सना तुझी जुनी कॅसेटची पेटी घेऊन बसली होती. तिने वर बघून विचारलं, "अंकल, वॉज ही फनी दॅट डे? ममा सेज ही वॉजन्ट." तेवढ्यात आतून पुन्हा तोच प्रश्न आला, "दिलीपभाई, उद्या मी जाणार. एकदा खरं सांगा. ते कसे होते?"

मी उभा राहिलो. बसून सांगता आलं नसतं. पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. माझा फोन, दोन पॅनाडोल, तीनदा विचारलेला पंप, न हललेला ओठाचा कोपरा, चौथी हाक, आणि मी उडवलेला हात. डॉक्टरशी खोटं बोललो तेही. आत मेधाला यातलं काहीच माहीत नव्हतं, तिचा "अगं बाई" ऐकू आला. मला वाटलं, आता भाबी म्हणतील, चालते व्हा. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पडदा हललाही नाही. त्या म्हणाल्या, "सकाळी ते मला तीनदा बोलले, सना उठली काय? सना त्यांच्या समोर बसून दूध पीत होती."

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"मी सगळ्यांना सांगितलं. भावोजींना, नर्सला. मला वेड्यात काढलं. भावोजी म्हणाले, दिलीपभाई सांगतात सातला नॉर्मल होता, तुला धक्का बसलाय, तुला भास होतात. दीड महिना मला वाटतंय, माझंच डोकं फिरलं. मी नमाजात पण रकात मोजते आणि विसरते, आणि वाटतं, हे बघ, खरंच फिरलं." मग म्हणाल्या, "मी म्हटलं होतं त्यांना, जाऊ नका. बोलले, दिलीप रात्रीपासून बसलाय तिथे. आणि मी टिफिन दिला हातात. मी पण दिला, दिलीपभाई."

मला वाटत होतं मी तुझ्या बायकोला दुःखापासून वाचवतोय. खरं म्हणजे स्वतःला वाचवत होतो, आणि ओझं सगळं तिच्या एकटीच्या डोक्यावर टाकलं होतं. मी पडद्यासमोर रडलो, लाज वाटली नाही. भाबी म्हणाल्या, "रडू नका. आता निदान दोघांनी बघितलं." त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं त्या काही बोलल्या नाहीत आणि मी माफी मागितलीही नाही. तुझा भाऊ वर आला तेव्हा त्यांनी मला त्याच्यासमोर परत सांगायला लावलं. सांगितलं. तो खुर्चीत बसला आणि आतल्या दाराकडे बघून, "शहनाज, माफ कर," असं म्हणाला.

काल सकाळी सेफ्टीच्या ऑफिसात जाऊन मी फॉर्मवरचं माझं वाक्य खोडायला सांगितलं आणि नवीन लिहून दिलं. ते चौकशी करतील, वॉर्निंग देतील, कदाचित घरीही पाठवतील. मेधाने कपाटावरची बॅग काढून पुसून ठेवलीय. आता तुझ्या जागी केरळचा एक शांत मुलगा येतो. मी त्याला रोज विचारतो, तब्येत कशी आहे, आज वार कोणता, नाश्ता काय केलास. तो बिचारा उत्तरं देतो आणि इतरांकडे बघतो. त्यांना वाटतं, हे म्हातारं चळलं. वाटू दे.

भांडण तू जिंकलास, हनीफ. दोन वर्षं उशिरा कबूल करतोय. पण त्या वहीत मी काही बदलू शकत नाही. त्या दिवसाचं पान तसंच आहे, सातच्या खाली माझं ऑल नॉर्मल, आणि त्याखाली आठ, नऊ, दहा वाजताच्या तुझ्या नोंदी. तिन्ही ओळींत एकच शब्द, पंप, पंप, पंप, आणि अक्षर खाली खाली घसरत गेलेलं. तू मला चौथ्यांदा विचारलं होतंस, आणि मी पाठ फिरवली होती. ते उत्तर तेवढं माझ्याकडे राहिलंय. रोज पावणेसातला त्या दारातून आत शिरताना मी तुला ते देतो, मोठ्याने नाही, ओठातल्या ओठात.

ए पंप चालू आहे, हनीफ. बी स्टँडबायला. आणि तू ठीक नाहीस. सही करू नकोस, तू डॉक्टरकडे जा. मी थांबतो.